धवल्यासाठी केलेला डबा

ॲम्प्लिफायरमधला आवाज बंद करायचा तर वायर तोडावी लागत नाही. आवाजाच्या वायरीला ग्राउंडकडे जाणारी एक वाट काढून द्यायची आणि त्या वाटेवर ट्रान्झिस्टर बसवायचा. ट्रान्झिस्टर म्हणजे हरभऱ्याएवढा काळा तुकडा, त्याला तीन पाय. मधल्या पायाला, म्हणजे बेसला, जरासा करंट दिला की तो उघडतो आणि सगळा आवाज त्या वाटेने निघून जातो. स्पीकरपर्यंत काही पोहोचतच नाही. करंट काढून घेतला की वाट बंद, आवाज पुन्हा चालू.

हे मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिकलो. तिथे अनाउन्समेंटच्या पेट्या बनायच्या. मोठ्या दुकानांत, हॉटेलांत मंद संगीत चालू असतं आणि कुणी माईकवर बोललं की ते आपोआप गप्प होतं, ती करामत आमच्या पेटीची. म्यूटिंगचा ट्रान्झिस्टर आम्ही मुद्दाम उलटा लावायचो. तसा लावला की तो आवाज जास्त नीट गिळतो. नवीन आलेला प्रत्येक इंजिनियर पहिल्याच आठवड्यात तो सुलटा करायला निघायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायचा. उमेदीची वर्षं मी असे उलटे ट्रान्झिस्टर लावण्यात घालवली. मग कारखाना बंद पडला, तिथे गोडाऊन आलं आणि मी सोसायट्यांचे इंटरकॉम दुरुस्त करत फिरायला लागलो. त्याचं रडगाणं गायचं नाही. सांगायचंय ते आयबद्दल.

आय म्हणजे माझी आई. आम्ही आगरी, कोलशेतच्या अंगाला खाडीजवळचं गाव आमचं. पूर्वी भातशेती होती, मिठागरात काम होतं. आता शेतात टॉवर आहेत आणि मिठागरात गवत आहे. मी डोंबिवलीत राहतो, आय गावात माझ्या मोठ्या भावाकडे राहते. भावाने जमिनीच्या पैशातून तीन मजली घर बांधलं आणि गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी बसवली. ते विमान ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोतनं दिसतं असं तो सांगतो. दिसत नाही.

आय आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नात म्हणायच्या गाण्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणारी ती धवलारीण. भटजी नंतर येतो, आधी धवला. लग्नाचं आवतण सगळ्यांच्या आधी देवांना जातं आणि ते धवल्यातून जातं. गावदेवी, शिवेवरचे देव, खाडीतले, घरातली गेलेली माणसं, एकेकाला हाक मारून मांडवात बोलवायचं. आय एक ओळ म्हणते, मागे बसलेल्या बाया ती झेलतात आणि त्या झेलत असताना आय श्वास घेते. धवला मध्येच सोडता येत नाही. अर्ध्यात सोडला तर निम्मे देव आले आणि निम्मे बाहेर राहिले, असा त्याचा अर्थ होतो. मी असलं काही मानत नाही, पण आय मानते आणि इथे प्रश्न तिचाच आहे.

माझ्या लहानपणी तिला माईक लागत नसे. अंगणात बसून तिने ओळ उचलली की ती खाडीपर्यंत जायची. बाई अंगाने किडकिडीत, मिठाच्या टोपल्या वाहून मान थोडी आखडलेली, पण आवाज असा की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. घरात तिला हळू बोलता येतच नसे. आमच्या घरातली भांडणं गावाला तोंडपाठ असायची.

मग हळदीला डीजे आला. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. जेवणावळ, नाच, सगळी मजा हळदीलाच. डीजेशिवाय हळद लावली तर नवरीच्या अंगाला रंगच चढणार नाही, असा सगळ्यांचा समज झालाय. भिंतीएवढे स्पीकर रचतात. दहाला आवाज बंद करावा लागतो, म्हणून संध्याकाळपासूनच सगळी कसर भरून काढतात. धवल्याची वेळही नेमकी तीच. आय आणि तिच्या चार म्हाताऱ्या एका कोपऱ्यात सतरंजीवर बसून देवांना हाका मारत आणि त्यांच्या छातीत ढोल वाजत असायचे.

अशाच एका हळदीहून ती घरी आली तेव्हा मी गावात होतो. सहज विचारलं, "आय, झाला धवला?"

"झाला," ती म्हणाली. "देवाला आयकू गेला नसंल. मना सोताला नाय आला."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाणी आलं नाही असं सांगावं तसं सांगितलं. मला त्याचा जास्त राग आला. डीजेवाल्यांना सांगून बघितलं नाही असं नाही. ते भले असतात, लगेच आवाज खाली करतात. पण नाचणारी पोरं ओरडतात, भाऊबंद येऊन कानात काहीतरी सांगतात आणि मिनिटभरात बोट पुन्हा वर सरकतं. त्यात कुणाची दुष्टाई नसते. पण धवला तेवढ्या वेळात होत नाही.

त्याच सुमारास भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घरातली ती एकच नात. आयने जाहीर केलं की नातीच्या हळदीला पुरा धवला म्हणायचा, लोकांना ऐकू जाईल असा म्हणायचा आणि मग धवला ठेवून द्यायचा. मागच्या चार म्हाताऱ्यांतल्या दोघी गेल्या होत्या आणि शिकायला कुणी येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तू आवाज बंद करायचाच धंदा केलास ना रं?"

असं कुणी विचारलं की माणूस कामाला लागतो. मी डबा बनवला. डीजेच्या मिक्सरमधून निघालेली वायर आधी माझ्या डब्यात येणार, मग ॲम्प्लिफायरकडे जाणार. आयचा माईकही डब्यात, पण त्याच्या वाटेवर ट्रान्झिस्टर नाही. ती म्हणायला लागली की तिच्या आवाजातूनच बेसला करंट मिळणार, ट्रान्झिस्टर उघडणार आणि गाणी गप्प. कुणाचं बोट मध्ये नाही, कुणाची दया नाही. कारखान्यात असल्या पेट्या मी डोळे मिटून जोडायचो.

भावाच्या स्वयंपाकघरात आम्ही तो तपासला. ओट्यावर मोबाईल ठेवून त्यात हळदीची गाणी लावली आणि आयच्या हातात माईक दिला. ती पहिल्यांदा नुसतं खाकरली. गाणं बंद पडलं, पण स्पीकरमधून फट् असा आवाज आला. ती दचकली. ट्रान्झिस्टर एकदम उघडला की असा फटका येतो; तो मी जरा सावकाश उघडेल असं केलं. मग दुसरी भानगड निघाली. आय श्वास घ्यायला थांबली की तेवढ्यात गाणं परत घुसायचं. त्याला उपाय कपॅसिटरचा. कपॅसिटर म्हणजे करंटची छोटी टाकी. टाकी मोठी लावली की आवाज थांबल्यावरही बेसला थोडा वेळ करंट मिळत राहतो आणि वाट उघडी राहते. आय ओळ संपवून पुढची उचलेपर्यंत किती थांबते ते मी मोबाईलवर मोजलं. तीन सेकंद. तेवढ्या मापाची टाकी लावली.

त्या दिवशी आयला खेळणं मिळालं. गाणं सुरू झालं की ती माईकमध्ये "गप" म्हणायची, की ते गप्प. पुन्हा सुरू झालं की पुन्हा "गप". हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुजा बाप बी एवरा आयकत नव्हता," ती म्हणाली. तिला इतकं खूश मी वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही बऱ्याच वर्षांनी स्वतःवर खूश होतो.

शेजारच्या आळीत एक साखरपुडा होता, तिथे डबा नेऊन बघितला. छोटा कार्यक्रम, दोन स्पीकर. आय म्हणायला लागली, गाणी थांबली आणि ती संपेपर्यंत थांबलेली राहिली. लोकांनी माना वळवून बघितलं. एक-दोन बायकांनी डोक्यावर पदर घेतला. घरी येताना आय रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसली.

मग हिवाळ्यात तिला खोकला धरला. खोकला गेला तो आवाज घेऊन गेला. म्हणजे बोलता यायचं, पण वरची ओळ उचलायला गेली की नुसती हवा यायची. खोपटला डॉक्टरकडे नेलं. त्याने घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरतंतू सैल झालेत, वयाचं आहे, आता यापेक्षा चांगलं होणार नाही. आवाज जपा, कमी बोला. बाहेर पडल्यावर आयने विचारलं, "काय बोलला त्यो?" मी म्हटलं, गरम पाणी पी. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

ट्रान्झिस्टरचा एक हट्ट असतो. बेसवर साधारण पॉइंट सहा व्होल्ट आले की तो उघडतो. पॉइंट पाचला तो ढुंकूनही बघत नाही. पूर्वी आय खाकरली तरी पॉइंट सहाच्या वर जायची. आता ती ओळ म्हणत होती, मी मीटर धरून बसलो होतो आणि काटा पॉइंट चारच्या आसपास चाचपडत होता.

"किती परला?" तिने काट्याकडे बघून विचारलं.

"थोरा कमी परतंय, आय."

"मंग तुजा डबा बहिरा हाय," ती म्हणाली आणि पुन्हा म्हणायला लागली, आधीपेक्षा जोरात. मीटर पॉइंट चारवरच राहिला.

मी माईकचा आवाज डब्यातल्या डब्यात वाढवला. वाढवला तशी डब्याला कशाचीही बाधा व्हायला लागली. कुकरची शिट्टी झाली की गाणं बंद. रस्त्यावर रिक्षाने हॉर्न दिला की बंद. भाऊ खालच्या मजल्यावर शिंकला तरी बंद. कमी केलं तर आयचा आवाज पुरत नाही, वाढवलं तर सगळ्या जगाचा पुरतो. मी मधला बिंदू शोधत बसलो. असा बिंदू तेव्हा राहिलाच नव्हता, आणि ते मला कळत होतं. पण लग्न तोंडावर आलेलं आणि आय रोज सकाळी फोन करून विचारायची, "झाला का त्याचा कान साफ?" मी हो म्हणायचो.

हळदीच्या संध्याकाळी मी लवकर पोचलो. मैदानात मांडव, एका बाजूला स्पीकरची भिंत. डीजे म्हणजे भिवंडीच्या बाजूचा एक हसतमुख तरुण. त्याने माझा डबा हातात घेऊन चारी बाजूंनी बघितला, म्हणाला, "लावा काका, बिनधास्त लावा," आणि स्वतः वायर जोडून दिली. आय नवं लुगडं नेसून दोन म्हाताऱ्यांसोबत सतरंजीवर बसली. पुतणी पिवळ्या साडीत पाटावर. मी माईक चालू करून आयच्या अगदी ओठांशी धरला. गाणं वाजत होतं. आयने डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली.

काही झालं नाही. मग एकदम सगळं बंद पडलं.

मला लगेच कळलं. डबा आयच्या आवाजाने उघडला नव्हता. स्पीकरच्या भिंतीतून येणारं गाणं आयच्या माईकमध्ये घुसत होतं आणि त्या गाण्यानेच गाणं बंद पाडलं होतं. घरी गाणं मोबाईलवर होतं, साखरपुड्याला आयचा आवाज शाबूत होता, म्हणून हे तिथे दिसलं नाही. आता आयचा आवाज वाट उघडी ठेवायला पुरणार नव्हता. म्हणजे टाकी रिकामी होईपर्यंत शांतता, मग गाणं परत, ते माईकमध्ये घुसणार, पुन्हा बंद. आणि तसंच झालं. धडाम. शांत. धडाम. शांत.

त्या शांततेत आय म्हणत होती. स्पीकरमधून तिचा आवाज येतही होता, फाटका, हवा जास्त आणि सूर कमी, पण येत होता. पहिल्या दोन वेळा लोक गोंधळले. तिसऱ्या वेळी नाचणाऱ्यांना वाटलं की ही डीजेची करामत आहे. आताच्या गाण्यांत असं असतंच, सगळं थांबवायचं आणि मग एकदम फोडायचं. त्यांनी हात वर केले. गाणं थांबलं की सगळे मिळून ओरडायला लागले, "एक! दोन! तीन!" आणि तीनला बरोबर धडाम व्हायचं आणि सगळं मैदान उडी मारायचं. आयच्या श्वासासाठी मोजून ठेवलेली जागा होती ती. त्यात दीडदोनशे माणसं आकडे म्हणत होती.

"काका, ये क्या बनाया आपने!" डीजे माझ्या कानात ओरडला. तो खरंच खूश होता. "मला पण एक बनवून द्या ना, टायमिंग एक नंबर आहे!"

डब्यावर मी एक बटण ठेवलं होतं. कारखान्याची सवय, सर्किट फसलं तर हाताने चालवायला. ते मी दाबून धरलं. गाणं बंद झालं आणि बंदच राहिलं. एक, दोन, तीन झालं, उडी पडली, पण धडाम आलं नाही. पुन्हा मोजलं. नाही आलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. लाईट गेली का, ॲम्प उडाला का. आय म्हणत राहिली. तिच्या दोन्ही म्हाताऱ्या ओळ झेलत राहिल्या. त्या गोंगाटात अर्धी-मुर्धी ओळ ऐकू येत होती आणि मी मनात म्हणत होतो, आता अजून थोडंच, सवय होईल, गप्प बसतील.

भाऊ आला. "अरे, पोरांचा मूड जातोय. सोड ना."

"आयचा होऊ दे."

"मी काय नको बोललो का? पण असं बंद करून ठेवतात का? नवरदेवाकडची माणसं आलीत."

मी बटण सोडलं नाही. तेवढ्यात पुतणी पाटावरून उठून आली. हळदीने माखलेली, गालावर हळद, केसांत हळद. तिने माझ्या दंडाला हात लावला. तिचे डोळे भरले होते.

"काका, प्लीज. माझी हळद आहे ना. सगळे जायला लागलेत."

तिच्यावर मला राग धरता येईना. धवला तिच्यासाठी होता, देवांना आवतण तिच्या लग्नाचं होतं. आणि ते तिलाच नको असेल तर मी ते बटण कुणासाठी धरून बसलो होतो?

आयने डोळे उघडले होते. तिने नातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ओळ पुरी केली, म्हाताऱ्यांना झेलू दिली आणि त्या झेलत असताना, जिथे ती श्वास घ्यायची तिथे, मला म्हणाली, "माजा बंद कर."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिने माईकवर हात ठेवून तो खाली केला. "बंद कर रं. पोरीला नाचू दे."

मी बटण सोडलं आणि तिचा माईक बंद केला. गाणं सुरू झालं आणि चालूच राहिलं. मैदान ओरडलं. पुतणीला मैत्रिणी ओढत घेऊन गेल्या आणि जाताना तिने वळून आयकडे बघून हात हलवला, आनंदाने. आयने तिलाही हात केला. मग डोळे मिटून पुढची ओळ उचलली. तिने धवला सोडला नाही. शेवटच्या नावापर्यंत म्हटला. मी शेजारीच होतो म्हणून मला कळलं, नाहीतर ती काहीतरी चघळतेय असं वाटलं असतं. सगळं संपल्यावर तिने जमिनीला हात टेकून नमस्कार केला आणि म्हाताऱ्यांना उठायला हात दिला.

दुसऱ्या दिवशी लग्नात नवऱ्या मुलाची आत्या आयला भेटायला आली. कल्याणकडची बाई, जुन्या वळणाची, पाया पडली. म्हणाली, "आयव, तुमचा धवला आयकायचा म्हनून कालच आलेलो आमी. लय नाव आयकलंय. डीजेच्या गडबडीन ऱ्हायला वाटतं?"

मी सांगायला तोंड उघडलं. आयने माझा हात धरला.

"हां," ती त्या बाईला म्हणाली. "ऱ्हायला."